रायफल स्कोप घेऊ की दुर्बीण? फील्डवर्कसाठी काच निवडताना

"ताई, ऑनलाइन रायफल स्कोप स्वस्तात मिळतोय. आत मोजायच्या रेघा पण आहेत. डॉल्फिनच्या कामाला तो चालेल का?"

पावसाळा संपत आला, बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागल्या की एमएस्सीचं डिझर्टेशन सुरू करणारं कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच. प्रश्न वेडगळ नाही. उलट विचारणाऱ्याने एक गोष्ट बरोबर पकडलेली असते: आपल्याला नुसतं बघायचं नाही, मोजायचंय. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी बंदुकीचा विषय संपवून टाकू. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे संरक्षित प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. सिंधुदुर्गात शेतकऱ्यांकडे बंदुका दिसतात त्या बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, पुष्कळशा ठासणीच्या. रानडुकरं, माकडं हाकलायला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात आणि नेमकं त्याच वेळी डुकरं शेतात शिरतात, ही गावोगावची तक्रार तुम्ही ऐकली असेलच. त्या बंदुकीच्या नळीला आतून पेच नसतात, मारा जवळचाच. तिच्यावर स्कोप बसवून काही हाती लागत नाही. म्हणजे 'शिकारीसाठी स्कोप' ही वस्तू आपल्या जिल्ह्यात खरं तर कुणाच्याच कामाची नाही. आणि तुम्ही तो हातात धरून जंगलात फिरलात तर वनरक्षकाला तुमचा विषय समजावून सांगताना अर्धा दिवस जाईल, ते वेगळंच.

तरी स्कोप निवडणारे लोक जे प्रश्न विचारतात, ते आपण शिकण्यासारखे आहेत.

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रतिमा ३ पासून ९ पटींपर्यंत मोठी करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. नवखा माणूस '९' बघतो. जाणकार माणूस वरची चकती फिरवून बघतो. या चकतीच्या एका 'क्लिक'ला नेम साधारण पाव एमओए सरकतो, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. मग तो ठरावीक क्लिक वर जातो, तेवढेच उजवीकडे, तेवढेच खाली, तेवढेच डावीकडे. चौकोन पूर्ण झाल्यावर नेम पहिल्या जागी परत आला तर स्कोप भरवशाचा. नाही आला, तर काच कितीही स्वच्छ असो, उपयोग शून्य. यालाच आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात 'रिलायबिलिटी' म्हणतो आणि पाच मार्कांची टीप लिहून विसरून जातो.

मग स्कोप का नको? पहिलं कारण, डोळा. बंदुकीचा धक्का बसतो म्हणून स्कोपमध्ये डोळा काचेपासून आठ-दहा सेंटीमीटर लांब ठेवावा लागतो. बंदुकीवर घट्ट बसवलेला असतो तेव्हा हे जमतं. हलत्या होडीत, हातात धरून, ते अंतर टिकत नाही आणि सारखं काळं दिसत राहतं. दुसरं, दृष्टिक्षेत्र. ३ पटींवर ठेवलेल्या स्कोपमधून साधारण जेवढी रुंदी दिसते, तेवढी चांगल्या दुर्बिणीतून ८ पटींवर दिसते. आणि तिसरं कारण त्या रेघांचंच. स्वस्त झूम स्कोपमध्ये झूम बदलला तरी रेघा तेवढ्याच दिसतात, चित्र मात्र लहान-मोठं होतं. म्हणजे दोन रेघांमधलं माप एकाच ठरावीक झूमवर खरं असतं, बाकी सगळीकडे खोटं. आणि हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही.

रेघा हव्याच असतील तर त्या असलेली समुद्री दुर्बीण मिळते, बहुतेक ७×५० मापाची. ती कशी वापरतात, ते नीट समजून घ्या. 'कुठली घेऊ' याचं उत्तर तिथेच आहे.

समजा तुम्ही समुद्रालगतच्या टेकाडावर बसलाय. डोळ्याची उंची पाण्यापासून २० मीटर. समोर पाण्यात एक डॉल्फिन वर आला (आपल्या किनाऱ्यावर जवळच्या पाण्यात दिसतो तो बहुतेक पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक). तो क्षितिजाच्या किती खाली दिसतो, हा कोन रेघांवर वाचायचा. एकक 'मिल', म्हणजे मिलिरेडियन: १००० मीटरवर १ मीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे २० मीटर उंचीवरून क्षितिजच डोळ्याच्या सरळ रेषेपेक्षा साधारण अडीच मिल खाली असतं, तेवढं मिळवायचं. डॉल्फिन १ किलोमीटरवर असेल तर क्षितिजाखाली सुमारे १७.५ मिल दिसेल, २ किलोमीटरवर असेल तर साडेसात. आता वाचताना १ मिलची चूक झाली असं धरा. १ किलोमीटरवर ती पन्नासेक मीटरची चूक. चालण्यासारखी.

आता तेच होडीतून करा. डोळ्याची उंची ३ मीटर. १ किलोमीटरवरचा डॉल्फिन आता क्षितिजाखाली फक्त २ मिलच्या आसपास दिसतो. त्यात १ मिल कमी वाचला तर अंतर येतं दीड किलोमीटर. पाचशे मीटरची चूक! अनेक मॉडेलांत मोठ्या रेघा ५-५ मिलच्या अंतरावर असतात, म्हणजे १ मिल हा अंदाजच. तिथे तुमची दुर्बीण पंधरा हजारांची असो की दीड लाखाची, फरक पडत नाही. चूक उंचीची आहे, काचेची नाही. होडीतूनच काम करायचं असेल तर जवळच्या नोंदींवर भर द्या. होडीत ५०० मीटर आणि ६०० मीटर यांत १ मिलचा फरक असतो, तिथपर्यंत निभावतं.

टेकाडावर बसणाऱ्यांनीही फार खूश होऊ नका. भरती-ओहोटीत पाणी दोनेक मीटर वरखाली होतं. २० मीटर उंचीत २ मीटर म्हणजे दहा टक्के, आणि तेवढीच चूक थेट अंतरात उतरते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची आणि भरतीच्या तक्त्यावरून उंची दुरुस्त करायची. समोर बेट किंवा भूशिर असेल, धुरकट असेल, तर क्षितिजच मिळत नाही. त्या दिवशी रेघांना हात लावू नये.

एवढी चिकित्सा कशासाठी, असं वाटत असेल तर हा हिशोब बघा. होडी सरळ रेषेत न्यायची, दिसलेल्या प्रत्येक प्राण्याचं त्या रेषेपासूनचं अंतर नोंदवायचं, आणि त्यावरून दर चौरस किलोमीटरला किती प्राणी ते काढायचं, ही 'डिस्टन्स सॅम्पलिंग'ची पद्धत. यात घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात येते. तुमची सगळी अंतरं २० टक्के कमी मोजली गेली, तर १ भागिले ०.८, म्हणजे घनता २५ टक्के जास्त येणार. समुद्रात एकही डॉल्फिन वाढला नाही, कागदावर चौथा हिस्सा वाढला. आणि पहिल्या वर्षी एक दुर्बीण, दुसऱ्या वर्षी गाईडने दिलेली दुसरी, असं झालं तर संख्या बदलली की दुर्बीण, हे कुणालाच सांगता येणार नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या नियमांवरून मच्छीमार आणि सरकार यांच्यात वाद होत आलेत. असल्या ठिकाणी तुमचा आकडा कुणाच्या तरी जाळ्यावर जाऊन पडतो. तो फुगलेला असू नये.

आता साध्या दुर्बिणीकडे. बहुतेकांना, विशेषतः पक्षी बघणाऱ्यांना, तीच लागणार आहे.

८×४२ घ्या. १०× चा मोह होतो. पण दुर्बीण चित्राबरोबर हाताचा कंपही मोठा करते, आणि होडीत तर कंप हाताचा नाही, समुद्राचा. ४२ ला ८ ने भागा: सव्वापाच मिलिमीटर. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा व्यास. दिवसा तुमची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. वर्तुळ तिच्यापेक्षा मोठं असेल तर डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी चित्र जात नाही. ७×५० होडीवर आवडते ती यामुळेच, तिचं वर्तुळ ७ मिलिमीटरचं. आणि जत्रेत '२०×५०' म्हणून मिळते तिचं अडीच. म्हणजे हलणार जास्त, आणि डोळा किंचित सरकला की अंधार.

पुढचा शब्द 'कोटिंग'. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत भिंगं आणि प्रिझम मिळून सोळा पृष्ठभाग धरले, तर ०.९६ चा सोळावा घात, म्हणजे जेमतेम ५२ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. चांगल्या कोटिंगने तोटा प्रत्येकी अर्ध्या टक्क्यावर आला तर ९२ टक्के. नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर असू शकतं. 'फुल्ली मल्टी-कोटेड' हे शब्द शोधा. भिंगाचा लालभडक रंग हा उत्तम कोटिंगचा पुरावा मुळीच नाही, दुकानदार काहीही म्हणो.

दुकानात, किंवा पार्सल आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत, एक तपासणी कराच. दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघतात का? मालवणच्या जेटीवर उभं राहा, समोर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची वरची कड धरा, आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन्ही वर्तुळांत ती कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसली तर दुर्बीण परत करा. थोडासा फरक मेंदू जुळवून घेतो, आणि तासाभराने डोकं दुखायला लागतं. लोक म्हणतात ऊन लागलं!

मग पाणी. आपल्याकडे 'वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली' हे शब्द चैनीचे नाहीत. पावसाळी दमटपणात आतल्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि एकदा कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. पक्षी बघणाऱ्यांमध्ये ऑलिंपसची ८×४० डीपीएस-आय वर्षानुवर्षं चालली ती किमतीला चित्र छान म्हणून, पण ती वॉटरप्रूफ नाही. निकॉनची अक्युलॉनही नाही. त्यांचीच प्रोस्टाफ पी-३ वॉटरप्रूफ आहे. घाटावर, कोरड्या हवेत काम असेल तर पहिल्या दोन्ही चालतील. तारकर्लीत, देवबागात, वेंगुर्ल्यात बसणार असाल तर वरचे पैसे घाला. माझं मत विचाराल तर चित्राची गुणवत्ता एक पायरी कमी घ्या, पण सीलबंद घ्या.

दुर्बीण ठेवायला महागड्या ड्राय कॅबिनेटची गरज नाही. रबरी कड असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात नको. होडीतून आल्यावर आधी गोड्या पाण्याने मिठाचे कण धुवायचे किंवा ओल्या कापडाने टिपून घ्यायचे, मगच काच पुसायची. वॉटरप्रूफ नसेल तर धुवू नका, टिपाच. कोरडी काच टी-शर्टच्या टोकाने पुसणं म्हणजे मिठाने घासणं.

लेसरचं अंतरमापक घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: '१००० मीटर' हा आकडा प्रकाश चांगला परावर्तित करणाऱ्या वस्तूसाठी असतो. दोन सेकंद वर येणाऱ्या ओल्या पाठीवरून काही परत येत नाही. त्याचा खरा उपयोग सरावाला. नांगरलेल्या होडीचं अंतर आधी रेघांवरून काढायचं, लिहून ठेवायचं, मग लेसरने किंवा जीपीएसने तपासायचं. आमच्या होडीचे तांडेल हा खेळ नुसत्या डोळ्यांनी खेळतात आणि मला हरवतात. "काय गे, किती इला?" असं विचारतात, आणि उत्तर ऐकून नुसते हसतात. वेगवेगळ्या अंतरांवर अशा तीस-चाळीस जोड्या घ्या आणि आलेख काढा. तुम्ही सातत्याने कमी वाचताय की जास्त, हे त्यात दिसेल. सातत्याची चूक नंतर दुरुस्त करता येते. कधी कमी, कधी जास्त अशी विखुरलेली असेल तर नुसतं गुणून-भागून ती जात नाही.

पैसे नसतील तर पहिले दोन महिने विभागाची दुर्बीण मागून घ्या, तिची जेटीवरची तपासणी करा, आणि तोवर तुमचा प्रश्न नक्की काय आहे ते ठरवा. पक्ष्यांची जात ओळखायची की अंतर मोजायचं, याची उत्तरं दोन वेगळ्या दुर्बिणींकडे नेतात. आणि जी वापराल तिचं मॉडेल, पटी, डोळ्याची उंची, भरतीची दुरुस्ती कशी केली, सरावात सरासरी चूक किती आली, हे सगळं पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन वर्षांनी थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात ते जसंच्या तसं लागणार आहे.