मोटारीच्या पेटीतले सिमकार्ड



बार्शीच्या एसटी स्टँडजवळ चहा घेऊन मोबाईलवरून पैसे दिले की टपरीवरची छोटी पेटी मोठ्याने बोलते, 'दहा रुपये प्राप्त झाले.' त्या पेटीत सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप तिला नेटवरून मिळतो. चहावाल्याला दूध उतू जाताना फोन बघावा लागत नाही. वस्तूंनी असे आपसात निरोप देणे-घेणे म्हणजे 'इंटरनेट ऑफ थिंग्ज'. मराठीत आपण त्याला 'वस्तूंचे इंटरनेट' म्हणू. केविन ॲश्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने 1999 मध्ये हे नाव वापरले. नाव मोठे असले तरी त्यात आपल्या वसतिगृहातील मुलांसाठी रोजगार आहे, हे मला एका मुलामुळे समजले.

दहावीनंतर हा पारधी मुलगा तालुक्यातील एका द्राक्षबागेत राखणीला लागला. शेतीची थ्री फेज लाईट अनेकदा रात्रीच येते. ती आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि मोटार चालू करायची, हे त्याचे काम. वाटेत साप-विंचवाची भीती. त्याहून मोठी भीती माणसांची, कारण रात्री एकटा चालणारा पारधी दिसला की लोक चोर म्हणून अडवतात. गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशय गेलेला नाही.

एके दिवशी मालकाने मोबाईल स्टार्टर बसवला. मुलाची रात्रीची पायपीट संपली आणि कामही संपले. तो माझ्याकडे आला. मला वाटले, रडेल. त्याने विचारले, "सर, ती पेटी बिघडली तर दुरुस्त कोण करतं?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी ही पेटी समजून घेतली. तिच्यात सिमकार्ड असते. शेतकऱ्याने घरून फोन किंवा मेसेज केला की आतला रिले स्टार्टरचे बटण दाबल्याचे काम करतो. तिन्ही फेज आहेत का, हे ती आधी तपासते. विहिरीचे पाणी संपले तर चांगल्या पेट्या मोटार बंद करतात, म्हणून मोटार कोरडी चालून जळत नाही. झाले ते फोनवर कळवतात. हे आपल्याच राज्यात घडले आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची पंपासाठी होणारी रात्रीची पायपीट पाहिली होती. त्यांनी तयार केलेल्या 'नॅनो गणेश' यंत्राला 2009 मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले.

ऑटोस्विच आणि ही पेटी एक नव्हेत. ऑटोस्विच लाईट आल्याबरोबर मोटार चालू करतो. परिसरातील सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की ट्रान्सफॉर्मरवर भार येऊन तो जळतो. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढायला सांगते. मोबाईल स्टार्टरमध्ये मोटार कधी चालवायची, हे शेतकरी ठरवतो.

द्राक्षबागांत आता हवामान मोजणारी यंत्रेही दिसतात. पान किती वेळ ओले राहिले, हवेत दमटपणा किती, मातीत ओल किती, हे ती मोजून फोनवर पाठवतात. पान बराच वेळ ओले राहिले की डाउनीचा धोका वाढतो. तो आधी कळला तर फवारणी वेळेवर होते आणि विनाकारण होणारी फवारणी वाचते. गावच्या पाण्याची टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणे, दवाखान्यात लस ठेवलेल्या फ्रिजचे तापमान कळवणे, हीही याच जातीची कामे.

यंत्रे कंपन्या बनवतात, पण धंदा तेवढ्यावर थांबत नाही. रिचार्ज संपतो, रेंज जाते, उंदीर वायर कुरतडतात, विजेच्या कडकडाटात पेटी जळते. त्या मालकाची पेटी बंद पडली, तेव्हा दुरुस्तीला माणूस यायला चार दिवस लागले. भर उन्हाळ्यात बाग चार दिवस तहानलेली राहिली. पेटी बसवणे, वायरिंग, सेन्सर पुसून ठेवणे, शेतकऱ्याला वापर शिकवणे, ही कामे गावाजवळच्या माणसाचीच आहेत. त्याला मोठे दुकान लागत नाही. टेस्टर, मल्टिमीटर, पक्कड, दुचाकी आणि शिकलेला हात पुरतो.

मात्र शिकणे पक्के हवे. थ्री फेजचा झटका जीव घेतो. म्हणून आम्ही त्या मुलाला नुसत्या मोबाईलवरच्या व्हिडिओवर सोडले नाही. आधी एका अनुभवी वायरमनच्या हाताखाली ठेवले. आता तो आयटीआयच्या दोन वर्षांच्या वायरमन कोर्सला आहे आणि सुट्टीत त्याच वायरमनबरोबर जातो.

सगळे सुरळीत नाही. एका वस्तीवर त्याची जात कळल्यावर पेटीला हात लावू दिला नाही. वायरमन म्हणाले, "हा नाही तर मीही नाही," आणि दोघे परत आले. पण ज्या बागेतून त्याचे काम गेले, तिथला मालक आता पेटी अडली की त्यालाच फोन करतो.

आपल्यापैकी अनेकांची शेती आहे. देणगीतून आम्ही हत्यारांची पिशवी आणि फी देऊ शकतो. विश्वास मात्र विकत मिळत नाही. तुमच्या विहिरीवर असे काम निघाले तर वसतिगृहात कळवा. अनुभवी वायरमनसोबत आमच्या मुलाला येऊ द्या, आणि स्टार्टरची पेटी त्याला उघडू द्या.