पिछाडीवरचा उमेदवार, नकारात्मक प्रचार आणि कुंपणावरचे मतदार

प्रतिस्पर्ध्याच्या उणिवा हाच मुख्य विषय करून केलेला प्रचार म्हणजे नकारात्मक प्रचार. पिछाडीवरचा उमेदवार त्याकडे वळतो, तेव्हा कुंपणावरचे मतदार त्याच्याकडे येतात का? आधी हिशेब मांडू.

उदाहरण

समजा, मतदार १००० आहेत. 'अ'चे समर्थक ४५०, 'ब'चे ३८० आणि अनिश्चित १७०. सर्वांनी मतदान केले तर 'ब'ला जिंकण्यासाठी अनिश्चितांपैकी १२१, म्हणजे सुमारे ७१ टक्के मते हवीत. आता 'ब'ने टीकेचा भडिमार केला. दोन शक्यता पाहू.

१) 'अ'चे ६० समर्थक नाराज होऊन घरी बसले. 'ब'ला १७० पैकी ९१, म्हणजे सुमारे ५४ टक्के मते पुरतात.

२) चिखलफेकीला विटून ६० अनिश्चित मतदार घरी बसले. आता उरलेल्या ११० पैकी ९१, म्हणजे सुमारे ८३ टक्के मते लागतात.

म्हणजे कुंपणावरचा मतदार विटला, तर नुकसान पिछाडीवरच्याचेच होते.

प्रत्यक्षात काय दिसते?

मध्य प्रदेशात २००३ साली उमा भारती यांनी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांना 'श्रीमान बंटाढार' म्हटले. भाजपला २३० पैकी १७३ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३८. वीज आणि रस्त्यांची दुर्दशा मतदार स्वतः भोगत होता, आणि पर्यायी नेतृत्वही समोर होते.

महाराष्ट्रात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या 'लाव रे तो व्हिडिओ' सभा गाजल्या. पण मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता. भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. सभा झालेल्या नांदेड आणि सोलापुरात काँग्रेस हरली, साताऱ्यात मात्र राष्ट्रवादी जिंकली.

एखाद्या निकालावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून रिचर्ड लाउ आणि सहकाऱ्यांचा २००७ चा आढावा महत्त्वाचा. त्यांनी १११ अभ्यास एकत्र तपासले. टीकेने लक्ष्याची प्रतिमा थोडी घसरते, पण टीकाकाराचीही घसरते. मते वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. एकूण मतदान घटते, असेही आढळले नाही.

निष्कर्ष

मूळचे ७१ टक्क्यांचे ओझे बहुधा तसेच राहते. टीका मतदाराच्या अनुभवाशी जुळली, तर 'अ' का नको हे त्याला पटते. 'ब' का हवा, हे 'ब'लाच सांगावे लागते.

सराव : ३० अनिश्चित मतदार तिसऱ्या उमेदवाराकडे गेले, तर 'ब'ला उरलेल्यांपैकी किती मते हवीत? (उत्तर : १४० पैकी १०६)