भोपाळच्या तळ्यातली उलांडी

भोपाळच्या छोट्या तळ्यावर सकाळी सरावाच्या बोटी ओळीनं सुटतात. लांबसडक, निमुळत्या, माणूस जेमतेम मावेल एवढ्याच रुंद. त्यांतली एक मात्र दुरूनही वेगळी ओळखू येते. तिच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला एक बारीक तरंडं बांधलेलं असतं. कोकणातला माणूस काठावर उभा असेल तर त्याला कुणी काही समजावून सांगायला नको. तो म्हणेल, ही तर उलांडी! लहान होडी लाटेनं कलंडू नये म्हणून आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी तीच युक्ती. फरक एवढाच, की ही उलांडी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि या बोटीचं नाव आहे ‘वाआ’. ताहिती बेटाच्या भाषेत वाआ म्हणजे होडी.

पॅसिफिक महासागरातली होडी माळव्याच्या पठारावर कशी आली, या प्रश्नाच्या उत्तरात एका खेळाच्या वाढीची जवळजवळ सगळी गोष्ट सापडते. ही होडी व्यापारातून आली नाही, पर्यटनातूनही नाही. ती एका निर्णयातून आली. 2016 साली रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये कनू-कयाकच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, तेव्हा त्यांत फक्त कयाक होती. पुढच्या टोकियो पॅरालिम्पिकसाठी आंतरराष्ट्रीय महासंघानं वाआचाही समावेश करून घेतला. कार्यक्रमपत्रिकेत तीन शर्यती वाढल्या आणि ग्वाल्हेरच्या एका मुलीसाठी दार उघडलं.

तिच्याकडे वळण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण मराठी वाचकाच्या मनात तो हमखास असतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये गेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौकडीत होता, तो खेळ रोइंगचा. त्यात वल्ही बोटीला अडकवलेली असतात आणि खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. कयाक आणि कनू यांत वल्हं बोटीला कुठंही जोडलेलं नसतं, ते फक्त हातात असतं, आणि तोंड पुढे असतं. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूच्या वल्ह्याला एकच पातं, आणि खेळाडू बोटीत एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून वल्हवतो. कनूला सुकाणूही नसतं. दर फटक्याच्या शेवटी मनगट किंचित वळवून बोट सरळ ठेवावी लागते. नवशिक्या पहिले काही दिवस वल्हवतो कमी आणि पाण्यात पडतो जास्त.

हा खेळ संघटनेच्या रूपात युरोपात वाढला. 1924 साली कोपनहेगनमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये खेळाला पदकं मिळाली आणि महायुद्धानंतर, 1946 मध्ये, आजचा महासंघ उभा राहिला. आशियाई क्रीडा स्पर्धेत या शर्यती यायला मात्र 1990 चं बीजिंग उजाडावं लागलं. ज्या खंडात गंगा, मेकाँग आणि यांगत्सेच्या काठी लाखो माणसं रोज होडी चालवतात, त्या खंडाला होडीच्या शर्यतीत इतक्या उशिरा जागा मिळाली, ही खटकणारी गोष्ट आहे. चार वर्षांनी हिरोशिमात सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी भारताला कांस्य मिळवून दिलं. त्यानंतरच्या पदकासाठी 29 वर्षं गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझौला मणिपूरचा सुनील सिंग सलाम आणि रुरकीचा अर्जुन सिंग या जोडीनं 1000 मीटरच्या दुहेरी कनूत 3 मिनिटं 53 सेकंदांत कांस्य जिंकलं. सुनील लोकटाक तलावाच्या काठी वाढला. होडी त्याच्या घराण्यातच होती, शर्यतीची बोट नव्हती.

घरची होडी आणि शर्यतीची बोट यांच्यात जे अंतर आहे, ते भरून काढणं हेच आशियासारख्या खंडाच्या महासंघाचं खरं काम. बाहेरून पाहणाऱ्याला महासंघ म्हणजे निवडणुका, ब्लेझर आणि पदक वाटप. प्रत्यक्षात त्याच्या हातात काही रुक्ष पण निर्णायक किल्ल्या असतात. ऑलिम्पिकच्या काही जागा खंडनिहाय राखलेल्या असतात आणि त्या खंडाच्या पात्रता स्पर्धेतून मिळतात. ही स्पर्धा कुठं भरवायची आणि कधी, यावर किती देश येऊ शकतील हे ठरतं. बोट पाच मीटरहून लांब, विमानाच्या सामानात मावणारी नव्हे; यजमानानं भाड्यानं बोटी पुरवल्या नाहीत तर गरीब देश घरीच बसतो. पंचांच्या परीक्षा, प्रशिक्षकांचे वर्ग हेही त्याच खात्यात. श्रीनगरच्या बिल्किस मीर 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पंच म्हणून बसल्या, तेव्हा या कामाचं एक फळ दिसलं.

आणि सर्वांत नाजूक काम वर्गीकरणाचं. दिव्यांग खेळाडूचं धड किती वळतं, पायांत किती जोर आहे, हे आधी खोलीत तपासतात आणि मग पाण्यावर वल्हवताना बघतात. त्यावरून वर्ग ठरतो. कयाकसाठी केएल, वाआसाठी व्हीएल, आणि पुढे 1, 2, 3; आकडा जितका लहान तितकी शरीराची साथ कमी. वर्गीकरण करणारी प्रशिक्षित माणसं जवळपास नसतील तर कितीही गुणी खेळाडू असला तरी तो कागदावर अस्तित्वातच येत नाही. महासंघाच्या आधुनिकतेचं मोजमाप संकेतस्थळावरून किंवा बोधचिन्हावरून करण्यापेक्षा अशा माणसांच्या संख्येवरून केलं, तर चित्र जास्त खरं दिसेल.

प्राची यादव ग्वाल्हेरची. कमरेखाली ताकद नाही. ती आधी जलतरणपटू होती. तिचे लांब हात पाहून प्रशिक्षक वीरेंद्रकुमार डबास यांनी तिला वल्हं हातात घ्यायला सुचवलं, आणि ती भोपाळला आली. छोट्या तळ्यावर मध्य प्रदेश सरकारच्या क्रीडा खात्याची जलक्रीडा अकादमी आहे. तिथं मयंक ठाकूर यांनी तिला घडवलं. पोहताना पाणी शरीराला आधार देतं. बोटीत तो आधार जातो. मांड्यांचा, पोटऱ्यांचा जोर नसलेल्या माणसाला साधं ताठ बसणं हीच पहिली लढाई. म्हणून आसन ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे फोम कापून बनवावं लागतं, पट्टे बांधावे लागतात. वाआत उलांडी एका बाजूचा तोल सांभाळते, पण तीच बाजू जास्त ओढते. बोट त्या अंगाला वळू पाहते आणि ती सरळ ठेवायला सुकाणू नसतं. सगळं काम खांद्यांवर आणि एका पात्याच्या वल्ह्यावर.

3 सप्टेंबर 2021 रोजी टोकियोत ती वाआच्या 200 मीटरच्या अंतिम फेरीत उतरली. पॅरालिम्पिकमध्ये या खेळात उतरलेली ती पहिली भारतीय. आठवी आली. जिंकलेली ब्रिटनची एमा विग्ज तिच्या सुमारे दहा सेकंद पुढे होती. 200 मीटरमध्ये दहा सेकंद म्हणजे फार मोठी दरी, हे मान्य केलंच पाहिजे. पण ती दरी मोजता आली, कारण मोजण्याच्या रेषेपर्यंत कुणीतरी पोचलं होतं. पुढच्याच वर्षी पोलंडमधल्या पोझनानच्या विश्वचषकात तिनं कांस्य मिळवलं, आणि भिंडच्या पूजा ओझानं कॅनडातल्या हॅलिफॅक्सला जागतिक स्पर्धेत रौप्य. 2023 साली हांगझौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदाच आला, आणि त्या पहिल्याच वेळी प्राचीनं कयाकमध्ये सुवर्ण आणि वाआमध्ये रौप्य जिंकलं. तिचे पती मनीष कौरव यांनाही कांस्य मिळालं. खंडानं स्पर्धा सुरू केली नसती तर या तीन पदकांना जागाच नव्हती. 2024 ला पॅरिसमध्ये प्राची, पूजा आणि यश कुमार असे तीन भारतीय उतरले.

आशियात हे केवळ भोपाळातच घडतंय असं नाही. उझबेकिस्तानला खुला समुद्र नाही आणि त्याच्या शेजारी देशांनाही नाही. तरी त्या देशानं समरकंदच्या सरळ कालव्यावर ऑगस्ट 2024 मध्ये ऑलिम्पिकबाहेरच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा भरवली. दुसरीकडे चीन आणि आग्नेय आशियातल्या सणांमधली ड्रॅगन बोट 2010 ला ग्वांगझौपासून आशियाई स्पर्धेत आली. 2018 ला पालेमबांगमध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मुली एकाच बोटीत बसल्या आणि 500 मीटरमध्ये जिंकल्या. एकत्रित कोरियाचं बहुक्रीडा स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. केरळच्या वळ्ळमकळी या नौकाशर्यतींकडे, आपल्याकडच्या नारळी पौर्णिमेच्या होड्यांच्या शर्यतींकडे याच नजरेनं पाहायला हवं. लोकांच्या अंगवळणी पडलेली होडी नियमांत बसवून घेणं, हा वाढीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे.

नवं पाणी म्हटलं की हद्दीची भांडणंही आलीच. उभं राहून वल्हवण्याच्या फळीवर कुणाचा हक्क, यावरून कनूचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि लाटांवरच्या सर्फिंगचा संघ वर्षानुवर्षं भांडले. अखेर क्रीडा लवादानं ऑगस्ट 2020 मध्ये ऑलिम्पिकपुरता हक्क सर्फिंगवाल्यांना दिला. भारतातही तो खेळ सर्फिंग संघटनेकडेच आहे.

भोपाळला ही सगळी वाट सोपी झाली ती पाण्यामुळे. मोठं तळं अकराव्या शतकात राजा भोजानं बांधल्याचं मानतात. छोटं तळं 1794 चं, नवाबाचे मंत्री छोटे खान यांच्या काळातलं. 2002 पासून हा परिसर रामसर यादीत आहे, आणि मोठ्या तळ्याचं पाणी शहर पितं. म्हणूनच 2023 मध्ये हरित लवादानं तिथल्या क्रूझ आणि मोटरबोटींवर बंदी घातली. कयाकला इंजीन नाही, तेल नाही, आवाज नाही. पिण्याच्या पाण्याशी हा खेळ नांदू शकतो.

या पाण्यावर कोण आलं हेही पाहण्यासारखं आहे. सीहोर जिल्ह्यातल्या मंजरकुई गावची कावेरी ढीमर कोलार धरणात मासेमारी करणाऱ्या घरातली. अकादमीत प्रशिक्षक पीयूष बरोई यांच्या हाताखाली ती कनू शिकली आणि पुढे नौदलात गेली. आयात केलेली एक शर्यतीची बोट काही लाखांना पडते. मासेमाराच्या घराला ती विकत घेणं शक्यच नाही. सरकारनं बोट दिली आणि वसतिगृह दिलं, म्हणून ही मुलगी दिसली.

मध्य प्रदेशानं 2023 च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेचं यजमानपद घेतलं तेव्हा जलक्रीडा त्यात पहिल्यांदा आल्या. सरळ शर्यती भोपाळला झाल्या, आणि खळाळत्या पाण्यातली स्लॅलम महेश्वरला. अहिल्याबाईंच्या राजधानीचं ते गाव. तिथल्या सहस्रधारेला काळ्या खडकांनी नर्मदेचे असंख्य प्रवाह केले आहेत. स्लॅलममध्ये वरून टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून जायचं असतं. हिरव्यांतून प्रवाहाबरोबर, लालांतून प्रवाहाविरुद्ध. दांडीला स्पर्श झाला तर 2 सेकंद वाढतात, दार चुकलं तर 50. नर्मदेनं हे मैदान फुकट दिलं आहे. युरोपात ते अनेकदा काँक्रीट ओतून आणि पंपानं पाणी चढवून बनवतात.

महाराष्ट्राकडे काय कमी आहे? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासून मुळा-मुठेच्या पाण्यावर आहे आणि त्याचा रेगाटा पाहायला शहर लोटतं. सैन्याचं रोइंग केंद्र पुण्यातच आहे, दत्तू तिथंच घडला. कोकणात उलांडी बांधणारे हात आहेत, धरणांचे जलाशय जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सीहोरच्या मुलीला जशी बोट आणि वसतिगृह मिळालं, तसं भोई-कोळ्यांच्या मुलांना मिळालं तर हे सगळं एका धाग्यात येईल. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं संघटनांच्या कार्यकारिणीत महिला आणि खेळाडूंना जागा सक्तीची केली आहे. त्या खुर्च्यांवर वल्हं धरलेले हात बसले, तर बोट खरेदीआधी धक्क्याला उतार बांधावा, हे कुणालातरी सुचेल.

कारण छोट्या तळ्याच्या काठाशी सगळ्यात अवघड टप्पा पाण्यातला नाहीच. व्हीलचेअर तरंगत्या फलाटाच्या कडेला आणतात, चाकं अडकवतात. एक जण बोट धरतो, खेळाडू हातांवर अंग उचलून आसनात उतरते आणि पट्टे आवळते. वल्हं हाती आल्यावर एक धक्का, आणि उलांडी पाणी कापत निघते. रिकामी खुर्ची तळ्याकडे तोंड करून तिथंच उभी राहते, ती परत येईपर्यंत.