५२ वजा ३७

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. तेव्हा मोजायची होती ती हजेरी. आज पट भरलेला असतो. पण पोराला येतं किती, हे हजेरीबुकातून कळत नाही.

‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून हेच तपासते, तेही शाळेत नव्हे, घरी जाऊन. जिल्ह्यातली 30 गावं, गावातली 20 घरं. सोप्याला बसलेल्या मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा ठेवतात. जमला तर दुसरीची गोष्ट, अडखळलं तर शब्द, तेही नाही तर नुसती अक्षरं. मूल कुठल्या पायरीवर उभं आहे ते पाचेक मिनिटांत दिसतं.

गणितात हातच्याची वजाबाकी. समजा, ५२ वजा ३७. बरीच मुलं २५ लिहितात. उत्तर चूक, पण नियमाला धरून: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. अशा मुलाला वजाबाकी येते. दशक सुटं करणं येत नाही. नुसती लाल फुली मारली की हा फरक पुसला जातो.

मात्र ही पाहणी जिल्ह्याचं चित्र देते, एखाद्या शाळेचं नाही. शाळेचं चित्र शिष्यवृत्ती परीक्षेतूनही मिळत नाही. तिचा हेतूच वेगळा, ती हुशार मुलं निवडते. तिच्या यादीत किती नावं झळकली यावरून मागच्या बाकावरच्यांचं काही समजत नाही. आपल्याकडे फलक मात्र त्या यादीचेच लागतात.