बायांचं दुखणं अंगावर निघू नये

गाय उलटली की आपण लगेच पशुवैद्याला बोलावतो. घरातल्या बाईचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं अंगावरच निघतं.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरात ९२ जणींना एक तरी स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी व उपचार झाले होते शंभरात फक्त ८ जणींचे. विशेष म्हणजे, ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. म्हणजे बाई बोलत नाही म्हणून आजार नाही, असं समजू नये. निम्मा त्रास जंतुसंसर्गाचा होता आणि त्यावर औषध आहे.

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं, यात लाजण्यासारखं काही नाही. सरपंच व ग्रामसेवकांनी महिला ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आशाताई आणि आरोग्य केंद्राशी बोलून तपासणीचा दिवस ठरवावा, तोही पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत. एकदा हंगाम लागला की बाईला स्वतःकडे बघायला सवड कुठली? त्या दिवशी शेतकरी बंधूंनी घरच्या कामाचा भार उचलावा आणि सोबतही जावं.