पुसलेले कष्ट

रानातल्या हिरवळीवर दोन मुली विसावल्या आहेत. एक पालथी पडलीय, हनुवटी हातावर टेकवून. शेजारी बसलेलीच्या तळहातावर वेचलेले हेझलनट. पाय अनवाणी, तरी नितळ. फ्रेंच चित्रकार विल्यम-अडॉल्फ बुगरोनं १८८२ साली रंगवलेलं हे तैलचित्र, ‘द नट गॅदरर्स’.

या १३४ सेंटिमीटर रुंद कॅनव्हासवर कुंचल्याचा फटकारा शोधू गेलात, तर हाती फारसं काही लागत नाही. गालावर उजेड कुठे संपतो नि सावली कुठे सुरू होते, ते बोट ठेवून सांगता येत नाही. ही किमया तेलाची. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषत सावकाश घट्ट होतं. तोवर दोन छटांची शीव मऊ कुंचल्यानं पुसून टाकता येते. वाळलेल्या थरावर पातळ, अर्धपारदर्शक थर चढवला, की प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्यावरून परततो आणि कातडीखाली रक्त वाहत असल्याचा भास होतो!

चित्र पुरं झालं, की हाताची खूण उरू नये, ही पॅरिसच्या अकादमीची शिस्त. आठशेहून जास्त चित्रं पुरी करणाऱ्या बुगरोनं ती निष्ठेनं पाळली. त्याच १८८२ मध्ये पॅरिसला दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांचं सातवं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मात्र फटकारे उघडे ठेवलेले.

चित्रकारानं स्वतःच्या मेहनतीबरोबर मुलींचीही मेहनत पुसली. खेड्यातली पोरं तेव्हा गुरं राखत, सुगीला राबत. सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करणारा फ्रान्समधला कायदा आला, तोही २८ मार्च १८८२ रोजी. कॅनव्हासवर मात्र वेचणीचं काम म्हणजे निव्वळ फुरसत. अशी निर्मळ खेडी विकत घ्यायला अमेरिकेतले धनिक उत्सुक असत.

हे चित्र १९५४ मध्ये डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाला भेट मिळालं. तिथल्याच भिंतींवर दिएगो रिव्हेरानं १९३२-३३ मध्ये मोटार कारखान्यातले कामगार रंगवलेत: वाकलेल्या पाठी, ताणलेले दंड, अजस्र यंत्रं. एकाच छताखाली दोन्ही पाहता येतात. रिव्हेराचे कष्ट पाहताक्षणी दिसतात. बुगरोचे मात्र ते दिसू नयेत म्हणूनच उपसलेले.