तान्ह्या बाळाचा फोटो: स्टुडिओ की खिडकी?

कोल्हापूरकरांना कृत्रिम प्रकाशाचं कौतुक असणं साहजिक आहे. इथल्याच बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड' या चित्रपटात तो वापरला. पण गरोदर आईचे आणि तान्ह्या बाळाचे फोटो घरीच, खिडकीशी काढावेत. डोहाळजेवणाचे सातव्या महिन्यात, म्हणजे पोट छान दिसतं आणि आईला अजून फारसा थकवा नसतो तेव्हा. बाळाचे फोटो पहिल्या दोन आठवड्यांत, कारण तेव्हा ते गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं अंग मुडपून घेतं. बाराव्या दिवसाचं बारसं याच मुदतीत येतं. आजीची गोधडी, पाळणा, कुंच्या तयारच असतात. स्टुडिओतल्या भाड्याच्या टोपल्या कशाला?

कुणी म्हणेल, स्टुडिओतली सफाई घरी येत नाही. खरंय. पण हातांवर हनुवटी टेकवलेलं ते प्रसिद्ध 'बेडूक' छायाचित्र बहुधा दोन फोटो जोडून केलेलं असतं. दोन्हींत कुणीतरी बाळाला धरलेलं असतं. तान्ह्याची मान धरत नाही, अंगही लवकर गार पडतं. फ्लॅशने डोळे जातात ही भीती मात्र निराधार आहे. खिडकीचा आग्रह मऊ सावल्यांसाठी: पातळ पडदा ओढायचा, उजेड बाळाच्या डोक्याकडून तिरका घ्यायचा, हनुवटीखालून कधीच नाही.